मुक्ताबाईंचा रिकामा तांब्या

“ताक मागाय आलेल्याचा तांब्या रिकामा जाऊ देऊ नकोस,” शेवटच्या दुखण्यात सासूबाईंनी सांगितलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं.

एका सकाळी शेजारच्या मुक्ताबाई तांब्या घेऊन आल्या. तुळशीला पाणी घालेपर्यंत मी बोलत नाही, हा माझा रोजचा नेम. म्हणून देवापुढं बसून नुसतं ऐकत राहिले.

“ताक कुठलं, काकू? दूध समदं डेरीला जातं. ह्ये घ्या, गारेगार हाय.” सूनबाईनं कोल्ड्रिंकची नारिंगी बाटली पुढं केली; माझ्या मुलानं, मल्हारनं ती बारामतीहून आणली होती.

“आमच्या ह्यांचं पोट बिघडलंय, भात कालवायचाय. ह्यात कालवू व्हय?” म्हणत मुक्ताबाई तशाच परतल्या.

मुक्ताबाई गेल्यावर तुळशीला पाणी घातलं, आणि कधी न चढणारा माझा आवाज चढला. “गोठ्यात म्हशी हायत, आन दारातनं माणूस रिकामं जातं?”

“आत्या, आता समद्यांना बाटलीच आवडती. ताक दिलं की हसत्यात.”

“हसू देत! बाटली दुकानात मिळती. ताक ह्या घरानं कधी इकलं न्हाय, कुणाला नाकारलं न्हाय.”

संध्याकाळी डेरीची किटली भरण्याआधीच मी चरवीभर दूध काढून घेतलं, तापवून विरजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताक घुसळलं आणि नेमाप्रमाणं काही न बोलता, भरला तांब्या पदराखाली धरून मुक्ताबाईंच्या घराकडं निघाले.