तुळशीपुढची तोंडी परीक्षा

किशोरीच्या कोर्सचं नाव घरात एकालाही धड सांगता येत नव्हतं. ती स्वतः 'युरोपीय समाजकार्याचा तौलनिक अभ्यास, पदव्युत्तर' असं एका दमात म्हणायची. तिचे बाबा लवू मात्र बाजारात भेटेल त्याला, "आमचा चेडू थयली माणसां एकामेकांक कशी बघतत ता शिकता," एवढं सांगून मोकळे व्हायचे. आणि खरं सांगायचं तर कोर्सच्या वीस पानी माहितीपत्रकात यापेक्षा जास्त काही नव्हतं.

गेलं वर्षभर ती दिवसा कणकवलीच्या एका संस्थेत वृद्धांसाठी काम करत होती आणि घरी येऊन ऑनलाइन वर्गाला बसत होती. हॉलंडात नर्स सायकलवरून घरोघर कशी फिरते, फिनलंडात एकट्या राहणाऱ्यांना जेवणाचा डबा कोण पोचवतं, पोर्तुगालातल्या सुना कशाकशाला वैतागतात, सगळं तिला तोंडपाठ झालं होतं. आज मे महिन्यातल्या गुरुवारी चार वाजता तोंडी परीक्षा होती. पास झाली तर सप्टेंबरात शिष्यवृत्तीवर हॉलंडला, शेवटचं सत्र तिथंच. नापास झाली तर शिष्यवृत्ती दुसऱ्या कुणाला. त्यामुळे सकाळपासून ती पाठ केलेली उत्तरं घोकत होती, आणि तरी मधूनच तिला उगाच हसू येत होतं.

अडचण एकच होती. या घरात मोबाईलला रेंज म्हणावी अशी रेंज फक्त खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तुळशीच्या शेजारी मिळायची. वर्षभर ती तिथंच स्टूल टाकून बसली होती. फिनलंडच्या सरांनी तर एकदा मागच्या झाडाची चौकशीही केली होती.

आणि तिची आई यशोदा हिनं लेकीसाठी गाऱ्हाणं, म्हणजे अख्ख्या वाडीनं मिळून देवाकडं करायचं मागणं, ठरवलं होतं ते नेमकं त्याच तुळशीपुढं.

"आये, चार वाजता माझी परीक्षा आसा!"

"म्हणान तर तीन वाजता ठेवलंय. पाच मिन्टांचा काम. आजो नारळ ठेवतलो, बोलतलो, झाला."

पाच मिनिटांत आटपलेलं गाऱ्हाणं वाडीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ते घालणार वाडीचा मानकरी, गावकर धोंडू आजो, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, आवाज पंचविशीतला. घरटी एक माणूस आल्याशिवाय आजो तोंड उघडायचा नाही. तीनला पाच जण आले, साडेतीनला दहा. शेवटचा, वाडीतला आंबेवाला विनीत आंब्याच्या पेट्या उतरवून घाम पुसत आला तेव्हा चारला दहा मिनिटं होती. मग आज्यानं नारळ ठेवला, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" खळं एका आवाजात म्हणालं.

"आज ह्या लवूच्या चेडवान मोठ्या शिक्षणाचो घाट घातलो हा, तो तडीस ने रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोण आडवो इलो, तर तेका बाजूक सार रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

किशोरी स्टूल घेऊन बाजूला उभी, डोळे घड्याळावर. तिचा विषय संपला असं वाटून ती पुढं सरकली. पण एकदा नारळ ठेवला की तो एकट्याचा राहत नाही, हे ती युरोपाच्या नादात विसरली होती. ज्याचं जे अडलं असेल ते आजो त्यात घालणार. विनीतच्या आंब्याला भाव, कुणाच्या सुनेला दिवस, कुणाच्या म्हशीचा ताप. आणि गाऱ्हाणं मधेच तोडायची तर सोयच नाही.

चार वाजले आणि फोन वाजला. पडद्यावर दोन चौकोन उघडले. एकात हॉलंडच्या बाई, पांढरे आखूड केस, हातात किशोरीचा निबंध. दुसऱ्यात फिनलंडचे सर, नेहमीसारखे गंभीर. तुळशीजवळ जागाच उरली नव्हती, तेव्हा किशोरी सरळ विनीत आणि आज्याच्या मधे घुसली.

"होय म्हाराजा!" पंधरा जण गरजले.

सर खुर्चीत मागं सरकले. बाईंनी चष्मा वर केला. "किशोरी, तिकडं सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. माझ्यासाठी प्रार्थना चालली आहे. थांबवता येत नाही."

"ते काय म्हणताहेत?"

घाबरलेल्या माणसाला खोटं सुचत नाही. "माझ्या वाटेत जो कोणी आडवा येईल त्याला देवानं बाजूला करावं, असं म्हणून झालं."

"म्हणजे आम्ही दोघं," सर गंभीरपणे म्हणाले. बाईंना हसू आवरेना, किशोरीलाही आवरेना, आणि पाठीमागं उभी असलेली यशोदाही काय चाललंय ते न कळताच पदर तोंडाला लावून हसू लागली.

हसू ओसरल्यावर बाईंनी निबंध उघडला. "तू तीन देशांबद्दल फार चांगलं लिहिलं आहेस. पण सत्तेचाळिसाव्या पानावर एक वाक्य आहे. 'आमच्या गावात मदत मागण्याची कोणतीही ठरलेली पद्धत नाही.' माझा एकच प्रश्न आहे. हे खरं आहे का?"

किशोरीनं तोंड उघडलं. उत्तर पाठ होतं, तळटिपांसकट. तेवढ्यात आजो पुढच्या वळणावर आला.

"तशीच आमची शेवंती! न्हाणयेत पडान तिचो पाय सुजलो हा, तीन दिस झाले. घरात एकटी आसा. तिचो पाय बरो कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी आवाज जरा कमी निघाला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

किशोरी वळली. शेवंतीकाकी म्हणजे पलीकडचं घर, वीस पावलांवर. मुलगा मुंबईला. लहानपणी किशोरी अर्धी तिच्याच चुलीपाशी वाढली होती. फिनलंडातली कुठली आजी कितीला जेवते ते तिला ठाऊक होतं, आणि काकी तीन दिवस लंगडत होती याचा पत्ता नव्हता. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"आजोबा, तुमका कोणी सांगल्यान?"

गाऱ्हाण्यात प्रश्न विचारायचा नसतो. पण आज्यानंही थांबून उत्तर दिलं, "ती स्वताच. सकाळी फुलां काढूक गेललंय, तेवा. म्हणाली, कोणाक सांगा नको, फक्त गाऱ्हाण्यात घाल."

खळं एकदम हशानं फुटलं. कोणाक सांगा नको, आणि पंधरा घरांसमोर देवाला सांग! विनीत तर हसत हसत खालीच बसला.

किशोरीही हसली, आणि हसता हसता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती पडद्याकडं वळली. "बाई, ते वाक्य चूक आहे. पद्धत आहे. तुमच्याकडं अर्ज भरतात. आमच्याकडं देवाला सांगतात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. म्हणजे कुणापुढं हात पसरावा लागत नाही. मी हे जन्मापासून ऐकत आले आणि मला दिसलं नाही."

बाई भराभर लिहू लागल्या. सरांनी मात्र बोट वर केलं. "ऐकलं सगळ्यांनी. पण आता तिच्याकडं जाणार कोण?"

किशोरीनं प्रश्न मालवणीत मोठ्यानं सांगितला. "सर इचारतत, शेवंतीकाकीकडे आता कोण जातला?"

"मी जातंय," असं ती स्वतःच म्हणाली, फोन तुळशीच्या कट्ट्यावर टेकवला आणि पळाली. तिच्यामागून यशोदा पेजेची वाटी शोधत, लवू तेलाची बाटली घेऊन, विनीत प्लॅस्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन, आणि उरलेले सगळे उगाच. युरोपातल्या दोन परीक्षकांसमोर उरला तो धोंडू आजो, नारळ आणि एक कोंबडी. आजो त्यांना म्हणाला, "बसा, येतली ती."

दहा मिनिटांनी वरात परतली. मधोमध खुर्चीत शेवंतीकाकी, पाय पुढं, तोंडाचा पट्टा चालू. "मेल्यांनो, पंधरा जण एकदम इल्यात, माझो जीव जाय होतो! विनीत रे, सरळ धर! एका पायाचा सगळ्या गावाक कळला, आता युरोपाकव कळला!"

विनीत तिला मोटरसायकलवरून डॉक्टरकडं न्यायला तयारच होता, पण काकीला आधी त्या गोऱ्या माणसांना बघायचं होतं. खुर्ची तुळशीपुढं ठेवली. काकीनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पडद्याकडं रोखून पाहिलं.

"पास करा हिका. चेडू गुणाचा आसा." मग तिचा आवाज खाली आला. "पण ही थंय गेल्यार माका बघूक कोण येतला, ताय इचारा."

यावर कुणी हसलं नाही. बाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या?" किशोरीला गोड काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण तिनं शब्दन् शब्द सांगितला.

मग तिनं डोळे पुसले आणि खळ्याला विचारलं, "सोमवार कोणाचो?"

"माझो," यशोदा म्हणाली. मंगळवार विनीतच्या आईनं घेतला. बुधवारासाठी दोघी भांडल्या. निबंधाच्या आपल्याजवळच्या प्रतीच्या मागच्या कोऱ्या पानावर किशोरी लिहीत गेली, शनिवारपर्यंत सगळे वार भरले.

"आणि आयतवार?" काकीनं विचारलं. "आयतवारी सगळी बाजारात जातत."

"आयतवार माझो, काकी. थयसून फोन करीन, तुझा बोलणा संपासर ठेवचंय नाय."

"मगे तू नापासच होतलंस. तासभर तरी बोलतलंय मी."

राहिलेलं गाऱ्हाणं पुरं करायला धोंडू आज्यानं परत टोपी सारखी केली, आणि किशोरी त्याचा शब्दन् शब्द परीक्षकांना सांगू लागली. "तर बा देवा म्हाराजा, ही साती वारांची पाळी जशी ठरली, तशी चलू दे, आणि ह्या चेडवाक सुखरूप धाडून सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" खळं म्हणालं. आणि अर्धा क्षण उशिरानं, फोनमधून, एक बारीक आणि एक घोगरा आवाज आला, "होय म्हाराजा!"