निळी ज्योत आणि भाऊरावांची फुंकर

मित्रांनो, खिडकीतल्या फळीवर दुपारचं ऊन आलं की तिथे काहीतरी लुकलुकतं ना, ती मी. एक जुनी काचेची नळी. उंचीला पहिलीतल्या मुलाएवढी, जाडीला पाण्याच्या पेल्याएवढी.

मरोळच्या एका छोट्या कारखान्यात चंद्रप्रकाश नावाच्या कारागिराने माझं तोंड आगीवर मऊ केलं आणि फुंकर घालून त्याला गोलाई दिली. तेव्हापासून फुंकर म्हणजे माया, असंच मी समजत आले.

तिथून मी मुलुंडच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. तिथे चेतना संशोधन करायची. करंजाच्या बियांच्या तेलापासून केलेलं इंधन आणि उसाच्या मळीचं अल्कोहोल एकत्र केलं, तर त्यातून ज्योत किती वेगाने धावते, हे तिला शोधायचं होतं. ज्योत फार पळाली तर इंजिनाला धोका, रेंगाळली तर इंधन अर्धंच जळणार.

ती मला कोमट करायची, झाकण लावायची आणि मिश्रणाचे मोजके थेंब आत सोडायची. त्यांची वाफ माझ्यातल्या हवेत मिसळली की एका टोकाला ठिणगी. मग काय सांगू! घंटेच्या आकाराची निळी ज्योत माझ्या पोटातून तरंगत जायची, आवाज न करता. मला वाटायचं, आभाळाला चांदणं पडताना असंच वाटत असेल.

माझी काळजी घ्यायचे भाऊराव, प्रयोगशाळेतले जुने कर्मचारी. रोज मऊ फडक्याने पुसायचे. आणि झाकण लावायच्या आधी, आत धूळ नको म्हणून, छाती भरून एक लांब फुंकर. लहानपणी गावाकडे चुलीपाशी फुंकणी त्यांच्याच हातात असायची. ते हसून म्हणायचे, "मॅडम, फुंकल्याबिगर जाळ धरत नाही. हे तुमच्या पुस्तकात नसंल."

पण चेतनाचे आकडे जुळेनात. तेच मिश्रण, तीच मी, आणि ज्योत एखाद्या दिवशी पळायची, एरवी पेंगुळल्यासारखी चालायची. शेवटी तिला मार्गदर्शन करणारे सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत जुळले नाहीत तर हा विषय बंद, आणि ही नळी भंगारात. चेतनाची दोन वर्षं माझ्यासोबत जाणार होती. मला सगळं कळत होतं, पण काचेला कुठे बोलता येतं?

मध्यंतरी भाऊराव पुतणीच्या लग्नाला चार दिवस गेले होते. वहीची पानं मागे उलटताना चेतना त्या चार दिवसांवर थांबली. तेवढेच आकडे नीट होते.

ती कितीतरी वेळ माझ्यावर हात ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी फुंकर टळावी म्हणून तिने भाऊरावांना ऐन वेळी चहाला पाठवलं. ते कपासकट परत आले आणि आधी फुंकर घातली, मग चहा प्यायले.

तेव्हा ती हळूच म्हणाली, "काका, रागावू नका हं. आपल्या श्वासात ओल असते आणि वापरलेली हवा. ती नळीत राहिली की ज्योत मंदावते."

भाऊराव फडक्याची घडी करत राहिले. "म्हणजे इतके दिवस मीच आडवा येत होतो?"

"तुम्ही जीव लावत होतात. मीच विचारलं नाही, बघितलं नाही."

 शुक्रवारी भाऊराव सगळ्यांच्या आधी आले. कोरड्या हवेचा पंप त्यांनीच माझ्या तोंडाला लावला, आणि सवयीने ओठ पुढे येऊ नयेत म्हणून तोंडावर रुमाल बांधला. तीनदा ठिणगी पडली. तिन्ही वेळा ज्योत अगदी सारखी धावली. सरांनी वही दोनदा पाहिली आणि म्हणाले, "चालू ठेवा."

मित्रांनो, पुढे बऱ्याच ज्योती पोटात खेळवल्यावर माझ्या काठाला चीर गेली. आता मी प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या या फळीवर असते. तुम्हीही कुणाची काळजी घ्याल, एखाद्या रोपाची, मांजराची, धाकट्या भावंडाची. जीव लावाच; पण त्याला काय हवंय, तेही जरा पाहा.

भाऊराव निवृत्त झाले त्या दिवशी माझ्यापाशी आले. चेतनाकडे पाहून त्यांनी विचारलं, "आता चालंल ना?"

तिने मान हलवली. त्यांनी मला उचललं आणि या वेळी आत नाही, तर बासरीसारखी काठावरून आडवी, छाती भरून फुंकर घातली. मी घुमले. आयुष्यात पहिल्यांदाच मला आवाज फुटला होता.