पायावर पिसं असलेली पिल्लं

भावाभावांची वाटणी झाली आणि अंगणात मधोमध तारेची उंच जाळी उभी राहिली. कोंबड्या धाकट्या जावेकडे गेल्या, कोंबडा थोरलीकडे राहिला. पायाच्या बोटांपर्यंत पिसं असलेला असा कोंबडा आसपास दुसरा नव्हता. थोरलीला त्याचा कोण अभिमान!

महिनाभराने जाळीपलीकडे पिल्लं चिवचिवली. थोरलीने वाकून पाहिलं. पिल्लांच्या इवल्याशा पायांवर पिसं होती.

तिच्या मनात पाल चुकचुकली. अंडं उबवायला तीन आठवडे लागतात. म्हणजे ही अंडी जाळी लागल्यानंतरचीच. मग कोंबडा पलीकडे गेला कसा? त्याला काही पंख फुटले नव्हते. म्हणजे होते, पण जाळीवरून जाण्याइतके नव्हते.

तिने खुराड्याच्या दाराला दोरा बांधला. दोरा जिथल्या तिथे राहिला. पण रोज संध्याकाळी नवरा कापडी पिशवी काखेत मारून बाहेर पडतो, हे तेव्हाच तिच्या नजरेत भरलं.

"कुठे निघालात?"

"जरा पाय मोकळे करून येतो."

"पाय मोकळे करायला पिशवी कशाला लागते?"

तो न ऐकल्यासारखं करून निघाला. ती मागोमाग गेली. स्वारी गल्लीला वळसा घालून थेट धाकट्याच्या मागच्या दाराने आत शिरली. पिशवीत काहीतरी हललं. थोरलीने दार ढकललं.

"काढा माझा कोंबडा!"

टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. नवऱ्याच्या हातातल्या पिशवीतून उंट आणि प्यादी खाली सांडली. दोघे भाऊ शाळेतली पोरं पकडली जावीत तसे उभे राहिले.

"कसला कोंबडा, जाऊबाई?" धाकटी आतून आली. "मला वाटत होतं तुम्हीच त्याला इकडे सोडलात. उद्या पिल्लांवर हक्क सांगायला!"

"मी? मी कशाला सोडेन?"

"म्हणून तर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. कोंबडा दूर गेला तरी अंडी फळतात."

"काहीतरीच!"

"मीही असंच म्हणाले होते."

थोरली खाली पाहत राहिली. एक प्यादं तिच्या चपलेपाशी पडलं होतं. या दोघांना एवढंसं खेळायला चोरवाट धरावी लागते, ती आपल्या धाकानेच, हे कोंबड्याच्या भांडणापेक्षा जास्त लागलं तिला.

"कधीपासून चाललंय हे?" तिने नवऱ्याला विचारलं.

"जाळी लागली त्याच आठवड्यापासून," तो चाचरत म्हणाला.

तिने प्यादं उचलून पटावर ठेवलं. "जेवायला वेळेवर या. आणि पुढच्या दाराने या."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः डॉक्टरीणबाईंना गाठून बीजाचं खरंखोटं करून घेतलं. धाकटीच्या शब्दावर विसंबायला ती अजून तयार नव्हती. पण संध्याकाळी नवरा पिशवी घेऊन निघाला, तेव्हा तिने काही विचारलं नाही.