वितीनं मोजलेलं विमान

मुलांनो, तुमचा उजवा हात पुढे करा. बोटं ताणून पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढी तुमची वीत. आता कल्पना करा, तो हात एका खऱ्या विमानाच्या पंखावर टेकला आहे. पंख कापडाचा आहे, ढोलाच्या चामड्यासारखा ताणलेला, उन्हानं कोमट झालेला. आलं डोळ्यांसमोर? मग हात तसाच ठेवा आणि लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर या.

तिथे दौलतकाका मांडी घालून बसले होते आणि बांबूच्या कामटीवर बोटाशेजारी बोट आडवं टेकवत मोजत होते. तेहतीस बोटं झाली तसं त्यांनी सुरीनं खूण केली. समोर बसलेली शेजारच्या खोलीतली अंबिका त्यांच्याबरोबर मनातल्या मनात मोजत होती. तिची पाचवीची परीक्षा नुकतीच संपली होती.

दौलतकाका आता गिरणीत यंत्रांचे चामडी पट्टे शिवत, पण लढाईत ते ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर विमानांचं कापड शिवत असत. लायसंडर नावाचं विमान. पुढे चालवणारा, मागे टेहळणी करणारा. पंख डोक्यावर, अंगाशी अरुंद, मध्ये रुंद, पुन्हा टोकाला निमुळता, आंब्याच्या पानासारखा. चाकांवर मोठाले बूट चढवल्यासारखी टोपणं. फाटलेल्या पंखाला ठिगळ लावायचं तर मोजपट्टी लागे, आणि मोजपट्टी कायम साहेबाच्या खिशात. म्हणून दौलतकाकांनी अख्खं विमान स्वतःच्या वितीनं मोजलं होतं. ती मापं त्यांना अजून पाठ होती. बारा बोटांची एक वीत होते. तेव्हा खऱ्या विमानाची जिथे एक वीत, तिथे आपल्या विमानाचं एक बोट. एवढा सोपा हिशोब.

चाळीतल्या पोरांना मात्र या विमानाचं फारसं कौतुक नव्हतं. बाँब कुठून पडतात, असं त्यांनी विचारलं होतं. बाँब टाकणं हे याचं काम नव्हे, दौलतकाका म्हणाले होते. हे वर जातं, सगळं नीट बघतं आणि परत येऊन सांगतं.

"म्हणजे आपल्या गंगुबाईसारखं," दारातून रघू म्हणाला. रघू चाळीच्या मंडळाचा कार्यकर्ता.

गॅलरीत स्टुलावर बसून तांदूळ निवडणाऱ्या गंगुबाईंनी मान वर केली नाही. "तुझंही सांगू काय रे, काल शीवच्या बसमधून कुणाबरोबर उतरलास ते?"

रघू विषय बदलून कामाचं बोलला. एक मेला महाराष्ट्र राज्य होणार, आदल्या संध्याकाळी चाळ उजळायची, दोन्ही गॅलऱ्यांमध्ये दोऱ्या बांधायच्या. मधल्या दोरीवर विमान टांगायला मंडळ तयार होतं. पण शनिवारी संध्याकाळी ते तयार नसलं, तर तिथे मोठी चांदणी चढणार. चांदणी करून ठेवलेली होती.

दौलतकाका नुसते हसले. त्यांची विमानं आजवर खोलीच्या आढ्यालाच लटकली होती. कांताकाकू म्हणत, माझ्या घरात माणसांपेक्षा विमानं जास्त, आणि एकही मला माहेरी सोडत नाही. मधल्या दोरीवर एखादं विमान जाईल, सगळी चाळ मान वर करून बघेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

खोली एवढीशी, दोन पंख एका वेळी तिथे मावेनात. म्हणून डावा पंख त्यांनी केला आणि उजवा अंबिकेवर सोपवला. तिनं तो आपल्या घरी, आईच्या शिवणयंत्रापलीकडच्या कोपऱ्यात बसून केला. कामट्या तासल्या, दोऱ्यानं बांधल्या, पतंगाचा कागद लावला. खळ चाळीतलीच. इतकी वर्षं ज्या पातेल्यातल्या खळीनं चळवळीची पोस्टरं भिंतींवर चिकटली, त्याच पातेल्यातून ती वाटीभर घेऊन आली. झुरळांनी पंख खाऊ नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालायलाही विसरली नाही. कागदावर पाण्याचा बारीक फवारा मारला, कागद सुकला तसा टणक ताणला गेला. टिचकी मारली की टण्ण वाजे.

त्या शनिवारच्या आधीच्या रविवारी सकाळी तिनं पंख आणला. दौलतकाकांनी तो धडावर बसवला, बांधला आणि मागे सरकून पाहिलं.

उजवा पंख डाव्याहून चांगला वीतभर आखूड होता.

मग दौलतकाकांनी हळूच विचारलं, "मोजलंस कसं गो?"

"तुम्ही मोजता तस्संच. तेहतीस बोटं." तिनं कामटीवर आपलं बोट आडवं ठेवून दाखवलं. गोरंपान, पेन्सिलीएवढं बोट. शेजारी दौलतकाकांचं बोट होतं, पट्टे शिवून शिवून जाड झालेलं.

त्यांना हसू आलं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. "चूक माझी. बोटानं मोजायला शिकवलं, कुणाच्या बोटानं ते सांगितलंच नाही."

अंबिका हसली नाही. खाली पडलेला, दौलतकाकांनी बोटाबोटावर खुणा केलेल्या कामटीचा एक तुकडा तिनं उगाच हातात घेतल्यासारखा घेतला आणि पंख तिथेच टाकून ती गॅलरीतून निघून गेली. पुढचे दिवस ती फिरकली नाही. तिची आई कौसल्या म्हणे, पोरगी जेवायलासुद्धा धड उठत नाही.

दौलतकाकांनी तो आखूड पंख उजेडात धरून उलटसुलट पाहिला. कागदाला एक सुरकुती नव्हती. गाठी एकसारख्या. त्यांना स्वतःला पहिला पंख असा जमला नव्हता. तिच्या देखत तो मोडून दुसरा करायचा, म्हणजे ती पुन्हा कामटीला हात लावेल की नाही, कोण जाणे. त्यांनी आपला डावा पंख सोडवला, माळ्यावर ठेवला, आणि तिच्या पंखाच्या मापानं नवा डावा करायला घेतला.

"अहो," कांताकाकू म्हणाल्या, "एका बोटाचा फरक पडला तर रात्र रात्र तळमळणारे तुम्ही. आता एवढ्या धडाला एवढेसे पंख? कोंबडी दिसेल ती."

"दिसू दे."

कांताकाकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि खळीचं पातेलं जवळ सरकवलं.

शनिवार उजाडला, कलला. खाली ढोल येऊन पोचले होते, समोरच्या इमारतीत रंगीत दिव्यांच्या माळा पेटवून बघत होते. रघू दोर घेऊन दारात उभा राहिला. चांदणी त्यानं भिंतीला टेकवून ठेवली होती, पण तिच्याकडे बघत नव्हता.

"काका, काय करू?"

"थांब जरा." दौलतकाकांनी नवा डावा पंख फडक्यातून बाहेर काढला. अंबिकेला बोलवायला ते वळले, तर ती दारातच होती. डोळे जागरणानं लाल, बोटांना खळ, आणि काखेत एक पंख. लांब, आंब्याच्या पानासारखा. त्याच्याबरोबर सुरीच्या खुणा असलेला तो कामटीचा तुकडा.

"तुमच्या बोटानं मोजलाय," ती म्हणाली. मग तिची नजर त्यांच्या हातातल्या पंखाकडे गेली. तो आखूड होता. अगदी तिच्या आधीच्या पंखाएवढा.

दोघं एकमेकांच्या पंखांकडे बघत राहिली.

गॅलरीतून खुसखुस ऐकू आली. गंगुबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. आठवडाभर स्टुलावरून त्यांना दोन्ही दारं दिसत होती.

"आजी, तुम्हाला ठाऊक होतं?" अंबिकेनं विचारलं.

"या दारात हा बोटं मोजतोय, त्या दारात तू. न दिसायला काय झालं?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर थांबला असता दोघं," गंगुबाई म्हणाल्या आणि तांदळाचं सूप बाजूला ठेवून आत आल्या. "काढ रे दौलत, माळ्यावरचा काढ."

दौलतकाकांनी आपला जुना डावा पंख खाली घेतला. अंबिकेच्या नव्या उजव्याशेजारी धरला. दोन्ही टोकं जिथल्या तिथे आली. त्यांनी एकदा तपासलं, मग पुन्हा तपासलं, आणि अंबिकेच्या डोक्यावर हात ठेवला. खळ तिच्या केसांना लागली, पण तिनं डोकं हलवलं नाही.

विमान मधल्या दोरीवर चढलं तेव्हा दोन्ही गॅलऱ्या भरल्या होत्या. खालून दिव्यांचा उजेड कागदातून आरपार जाई आणि आतल्या कामट्या हाडांसारख्या दिसत. वाऱ्यानं ते सावकाश वळलं, एकेका मजल्याकडे तोंड करून, जणू आज कोण कोण आलंय ते बघत. ढोल सुरू झाले. रस्त्यावरून घोषणा उठली, गॅलऱ्यांनी ती उचलली. बाँब विचारणारी पोरं आता रघूला विमानाच्या चाकांवरच्या बुटांबद्दल विचारत होती आणि रघू काहीबाही ठोकून देत होता. कौसल्या रडत हसत होती. दौलतकाका मात्र, आपण विमान बघावं की बघणाऱ्यांना, या पेचात होते.

"बघ, अंबिके, कसं वळतंय..." त्यांनी शेजारी हात नेला. शेजारी ती नव्हती.

ते मागे फिरले. खोलीच्या दारात येऊन थांबले.

आखूड पंखांची जोडी भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती. अंबिका जमिनीवर मांडी घालून बसली होती. त्यांच्या खुणांचा तुकडा तिनं बाजूला सारला, एक कोरी कामटी मांडीवर घेतली, तिच्यावर आपलं बोट आडवं टेकवलं, आणि शेजारी दुसरं.