नमुन्यापुरतं नाव

मी अनिस सय्यद. भीमाकाठच्या एका शाळेत गणित शिकवतो, आणि कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं म्हणून तिथली सगळी हमालीही माझ्याच गळ्यात. रोज यवतहून गाडीवर नदी ओलांडून येतो. जे झालं ते माझ्या हातून झालं, दुसऱ्या कुणाच्या नाही. हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे मुलांच्या वागणुकीची नोंद पेन्सिलीनं व्हायची. कुणी उशिरा आलं, कुणी मारामारी केली, ते आठवडाभर वहीत पेन्सिलीनं लिहायचं आणि शनिवारी शाईनं पक्कं करायचं. मधल्या दिवसांत खोडरबर चालायचा. गरिबाच्या पोरासाठी चालायचा, आणि गावातल्या एका पुढाऱ्याच्या नातवासाठी जरा जास्तच चालायचा. त्या नातवानं एकाचा दात पाडला. शनिवारी वही बघितली तर कागद कोरा. माझं डोकंच फिरलं. यंदा शाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्तन नोंदीचा भाग सुरू करायचं ठरलं, तेव्हा मी हट्टानं अट घातली, की एकदा पडलेली नोंद कुणालाही पुसता येता कामा नये. मुख्याध्यापकांनाही नाही, मलाही नाही. कंपनीच्या माणसानं फोनवर दोनदा विचारलं, "सर, नक्की ना?" मी म्हटलं, "एकदम नक्की." त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

जूनमध्ये पालकांचे नंबर भरत होतो. दहावीतल्या अनुपमाची आई, तुळजाबाई, वडगाव रासाईहून आली. नवरा चार वर्षांपूर्वी गेलेला. घर थोरल्या दिराच्या, आनंदरावांच्या शब्दावर चालायचं. तिच्याजवळ स्वतःचा फोन नव्हता.

"दिराचाच नंबर घाला," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "सर, त्यांनी एका बोलीवर धाडलीय पोरीला. एक तक्रार आली की शाळा बंद, आन् दौंडला आत्याकडं. तवा जरा सांभाळून घ्या."

"अहो, तिची कसली तक्रार येतीय!" मी हसलो आणि नंबर घातला.

खोटं नव्हतं ते. अनुपमा नाकासमोर चालणारी पोर. फळ्यावर माझं चुकलं तर हात वर करून उभी राहायची आणि म्हणायची, "सर, तिथं वजा पायजे ना?" दहावीनंतर तिला डिप्लोमा करायचा होता. शिरूरला कुठली गाडी किती वाजता जाते हे तिनं आत्ताच पाठ करून ठेवलं होतं. अशी पोर वर्गात असली की शिकवायला हुरूप येतो.

जुलैच्या एका शनिवारी मी शिक्षकांना नवीन पद्धत दाखवायला बसलो. प्रयोगशाळेत पडदा लावला, सगळे चहाचे कप घेऊन समोर. नोंद कशी करायची ते दाखवायला एक विद्यार्थी हवा होता. खोटं नाव घालता येईना, कारण प्रत्येक नावाला सरकारी नंबर लागतो. म्हणून पटावरचंच एक नाव घेतलं, नमुन्यापुरतं. अनुपमाचं. प्रकारांच्या यादीत सगळ्यात वर जे होतं ते निवडलं: 'शाळेच्या वेळेत परवानगीशिवाय बाहेर, बाहेरच्या मुलांसोबत आढळली.' बटण दाबलं. कुणीतरी म्हणालं, "सोपंय की." मी मान हलवली.

पालकांना मेसेज जाण्याची सोय मी सकाळीच माझ्या फोनवर तपासून बघितली होती. ती बंद करायची राहून गेली.

सोमवारी अनुपमा आली नाही. मंगळवारीही नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मेसेजची यादी उघडली. आनंदरावांचा नंबर, शनिवार, अकरा चाळीस, पोहोचला. खाली नोंद करणाऱ्याचं नाव: अनिस सय्यद.

कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "सर, पुसता येणार नाही, तुम्हीच बंद करून घेतलंय. फार तर दुसरी नोंद करा, आधीची रद्द म्हणून." मी घाईघाईनं ती केली. तीही मेसेज होऊन आनंदरावांच्या फोनवर गेली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

दुपारी वडगाव रासाईला गेलो. आनंदराव पडवीत बसले होते. पाणी दिलं, खुर्ची दिली, माणूस बोलायला अगदी अदबीचा. मी सगळं सांगितलं. नमुना, पडदा, चहाचे कप, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फोन माझ्यासमोर धरला.

"सर, हे बघा. तारीख हाय, टाइम हाय, तुमचं नाव हाय. मशिनला खोटं बोलून काय मिळायचंय?"

"आप्पा, मशिनला मीच खोटं सांगितलं."

"आन् हे आजचं, रद्द म्हणून? आधी नोंद करायची, मग रद्द करायची. कोण आलं होतं तुमच्या पाया पडायला? हिची आई?"

"कुणी नाही आलं. देवाशपथ."

"आग असल्याबिगर धूर निघत न्हाई, सर. तुम्ही भले माणूस हाय, पोरीची दया आली तुम्हाला. पण मला गावात तोंड दाखवायचंय."

आतल्या दाराशी तुळजाबाई उभी होती. डोळे सुजलेले. ती माझ्याकडं रागानं बघेल असं वाटलं होतं, पण तिनं बघितलंच नाही. पुढच्या दिवसांत मुख्याध्यापकांनी फोन केला, सगळ्या शिक्षकांच्या सह्यांचं पत्र दिलं. आनंदराव प्रत्येकाला "व्हय, व्हय" म्हणायचे. जितकी माणसं सांगायला गेली तितकी त्यांची खात्री पटत गेली, की शाळा काहीतरी झाकतीय.

पुढच्या आठवड्यात ते दाखला न्यायला आले. सोबत अनुपमा. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत सही करायला गेले आणि ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली. दाखल्यावर वर्तणुकीचा रकाना असतो. आजवर शाळेनं सगळ्यांना, अगदी दात पाडणाऱ्यालासुद्धा, 'चांगली' लिहून दिलंय. मी 'उत्तम' लिहिलं. कागद तिच्यापुढं केला.

"अनुपमा, मला माफ कर," मी म्हणालो. शिक्षकानं विद्यार्थ्याला असं म्हणायची आमच्याकडं रीत नाही. मी म्हणालो.

तिनं दाखला घेतला नाही. "सर, एक इचारू? पटावर बेचाळीस पोरं हायत. माझंच नाव का घेतलं?"

काहीही सांगता आलं असतं. पहिलं दिसलं म्हणून, सहज म्हणून. पण निदान तिच्याशी तरी आता खोटं बोलायचं नव्हतं.

"तुझ्या नावापुढं एकही नोंद नव्हती," मी म्हणालो. "वाटलं, तुझ्याबद्दल काहीही लिहिलं तरी कुणाला खरं वाटायचं नाही."

खोलीतून आनंदरावांनी हाक मारली. तिनं दाखला उचलला.

"म्हंजी एकदा तरी उशिरा यायला पायजे होतं मी," ती म्हणाली, आणि गेली.