पायरीवरची लाल चिंधी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी घसरगुंडी आहे. नागपुरात, सदर भागातल्या एका बागेत उभी असते. इथली बरीच पोरं मला फिसलपट्टीच म्हणतात. माझा स्वभाव आधीच सांगून ठेवते: मी भारी संशयी आहे. कोणी माझ्यावर प्रेमानं हात फिरवला तरी मनात पहिलं येतं, याला काय हवंय बाई?

जन्मतः मी अशी नव्हते. शहराबाहेर वाडी गावातल्या एका वर्कशॉपात माझे पाईप जोडले गेले, बाहेर दिवसभर ट्रकांची घरघर. टेम्पोतून इथं आले तेव्हा सगळ्यांवर विश्वास ठेवायची. पोरांनी घसरून घसरून माझा पत्रा इतका चकचकीत केला की त्यात बघून कोणी भांग पाडावा. मे महिन्यात मात्र मी तव्यासारखी तापते, मग उन्हं उतरेपर्यंत माझ्याकडं कोणी फिरकत नाही. तरी दिवस बरे होते. ऑफिसातून सुटलेले बाबा, भाजीची पिशवी घेतलेल्या आया माझ्यापाशी थांबायच्या आणि म्हणायच्या, जुनं काम आहे, मजबूत आहे. मी फुशारून जायची. पण मजबूत आहे म्हणता म्हणता माझ्याकडं खाली वाकून बघायचं सगळ्यांनीच सोडून दिलं.

मग ठेकेदाराचा रंगारी आला. त्यानं ना खरवडलं, ना घासलं. गंजावरूनच पिवळा रंग ओढला आणि डबा उचलून निघून गेला. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. माझी वरून दुसरी पायरी खालून पार सडली होती, आणि आता वरून ती अगदी नवी दिसत होती. हे फक्त मला ठाऊक. एखादं पाऊल तिच्यावर पडलं की माझा जीव खालीवर व्हायचा. त्या उंचीवरून पोर खाली आदळलं तर? पण लोखंडाला तोंड कुठलं?

दिवाळीनंतर रुखमाबाई यायला लागली. काटोलकडच्या खेड्यातली, लुगडं नेसणारी म्हातारी, मुलाकडं राहायला आलेली. सोबत तिची नात गार्गी. नात खेळायची आणि आजी माझ्या सावलीत बसून मुरमुरे-फुटाण्याची पुडी उघडायची. एका संध्याकाळी गौरांग नावाचा एक पोरगा धपधप वर चढला आणि त्या पायरीखालून गंजाची तांबूस भुकटी आजीच्या पांढऱ्या मुरमुऱ्यांवर सांडली. आजीनं ती चिमटीत धरली, चोळली आणि मान वर करून बघत राहिली.

झालं! हिला कळलं. आता ही मला भंगारवाल्याच्या घशात घालणार, असं मी धरूनच चालले. तिच्या प्रत्येक हालचालीवर मी डोळा ठेवला. त्या दिवसापासून गार्गी माझ्याकडं वळली की आजी तिचा दंड धरून मागं ओढायची. बागेच्या चौकीदाराला, केशवला, तिनं पायरीचं सांगितलं. साहेबाले सांगतो म्हणाला आणि पुन्हा मोबाईलात घुसला.

चार दिवस वाट बघून आजीनं स्वतःच काम हाती घेतलं. माळ्यानं छाटलेल्या बोगनवेलीच्या काटेरी फांद्या ओढत आणल्या, माझ्या पायऱ्यांवर टाकल्या आणि कठड्याला एक लाल चिंधी बांधली. तिच्या गावात शेताची वाट बंद करायची तर काटीच टाकतात. बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, मागं लांब लाकडं बाहेर निघाली तर लाल चिंधी बांधतात, मागच्यानं जपावं म्हणून. तिच्या मते आता सगळं स्पष्ट झालं होतं. ती शांतपणे पुडी उघडून बसली.

बागेतल्या आयांना मात्र दिसली लाल चिंधी, काटे आणि एक अनोळखी म्हातारी. गौरांगच्या आईनं, रोशनीनं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. बागेत एक बाई मुलांवर करणी करते, सावध राहा. दुसऱ्या दिवशी सगळी बाग कुजबुजत होती. गार्गीनं एका मुलीला मूठभर फुटाणे दिले, तर तिच्या आईनं ते हातातून झटकून टाकले. गार्गी खाली बसून एकेक फुटाणा वेचत होती. मला इतकं वाईट वाटलं!

तेवढ्यात रोशनी तरातरा आली. काठीनं फांद्या उडवल्या, चिंधी ओढून फेकली आणि गौरांगला म्हणाली, जा, असल्याला आपण घाबरत नाही. तो निघाला वर. पहिली पायरी, मग पुढची, मग त्याच्या वरची. मी सगळे पाईप आवळून धरले. त्याचं पाऊल त्या सडक्या पायरीवर पडणार, तोच आजीनं धावत येऊन त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला.

एकच गलका उठला. कोणी पोरं पळवणारी म्हणालं, केशव काठी घेऊन धावला. रोशनीनं आजीचं मनगट पिरगाळलं, पण आजी पाय सोडेना.

"मले मंग बोल वं पोरी," ती म्हणाली. "आधी त्या पायरीले खालून हात लावून पाह्य."

रोशनीनं रागारागात हात घातला. तिची बोटं आरपार गेली. हातात पिवळ्या रंगाचा पापुद्रा आला आणि मूठभर गंज. मग तिनं गौरांगला उचलून खाली घेतलं.

"तोंडानं सांगायचं ना, मावशी," ती म्हणाली.

"सांगतलं ना. काटी टाकली, चिंधी बांधली. आखीन कसं सांगते मानूस?"

रोशनीनं चिंधी शोधली आणि पुन्हा कठड्याला बांधली. रात्री तिनं ग्रुपवर माफी मागितली म्हणे. पण पहिला मेसेज तोवर धरमपेठेपर्यंत फिरला होता. माफी वाचायला कोणाला वेळ नव्हता. आजी बागेत यायची थांबली.

पुढं वेल्डर आला, सडकी पायरी कापून नवी बसवून गेला. तो मला उचलून नेईल हा माझा संशय फोल ठरला. पण सावलीत कोणी नव्हतं.

मित्रांनो, संशय घेऊ नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? घ्या. पण वरचा रंग बघून विश्वास आणि अंगावरचं लुगडं बघून संशय, असं करू नका. आमच्यावर चढण्याआधी एकदा खाली वाकून बघा. तिथं कोणी बसलं असेल तर त्याला विचारा.

शेवटी रोशनी आजीच्या घरी गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली. आजी सावलीत बसली, पुडी उघडून मांडीवर ठेवली, पण गार्गीचा दंड काही सोडला नाही.

"पह्यले तू चढ वं," ती रोशनीला म्हणाली.

रोशनीनं ओढणी खोचली आणि सगळ्या बागेदेखत एकेक पायरी चढत वर गेली. आजी मुरमुऱ्यांकडं बघत होती. ते पांढरेच राहिले.

मग तिनं गार्गीचा दंड सोडला.

"जाय आता."