ओतलेल्या पिशव्या

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मुलगा फोनवर बोलत होता.

"फोटो ग्रुपवर टाकू नका सध्या. आई मागे दिसतेय त्यात, खाली बसलेली."

डॉक्टरांनी मान हलवली. त्याने फोन खिशात घातला. माझी बायको गेली हे मला असं कळलं.

त्या सकाळी सोसायटीतली सगळी कुटुंबं मागच्या ओढ्याकाठचा कचरा उचलणार होती; ते बघायला मोठे पाहुणे आणि फोटोवाला येणार होते. मुलगा सोसायटीचा सेक्रेटरी. घरोघरी टोप्या आणि हातमोजे वाटले होते. आमच्याकडे तीन टोप्या आल्या. मुलगा, सून आणि नात यांच्यासाठी.

"म्हाताऱ्या माणसांना धरलेलं नाही," सून म्हणाली. "तुम्ही दोघं आपले सावलीत बसा."

माझ्या बायकोने जन्मभर दवाखान्यात फरशा पुसल्या, रक्ताचे बोळे उचलले. मुलगा त्यावरच शिकला. सोसायटीत मात्र त्याने 'आई दवाखान्यात होती' एवढंच सांगितलं होतं. लोक तिला नर्स समजायचे, औषधं विचारायला यायचे. ती हसून विषय बदलायची. आता मुलगा स्वतःच 'कचरा उचला' म्हणून दारोदार सांगत फिरत होता, याचं तिला कोण कौतुक!

"बघितलंत? शेवटी आपल्या आईच्याच लाइनीत आला," ती मला म्हणाली.

उजाडताच ती मला घेऊन ओढ्यावर गेली. उतारावर बाटल्या, चिंध्या, थर्माकोल, काय नव्हतं? मी पिशवीचं तोंड धरायचो, ती वाकून भरायची.

"नीट धरा हो. तोंड मिटतंय."

"सगळं तूच उचललंस तर ते काय करतील?"

"त्यांना कुठे सवय आहे? पोराला सोपं जाईल तेवढंच."

ऊन वर येईपर्यंत उतार साफ झाला. भरलेल्या पिशव्या तिने झाडाखाली ओळीने लावल्या आणि पदराने तोंड पुसलं. ती दमली होती, पण खूश होती.

मग टोप्या घातलेली मंडळी आली. आमच्या शेजारचे बँकवाले आधी हसले. "काकू, आमच्या पोटावरच पाय आणलात की! आता पाहुण्यांसमोर काय, गवत उपटायचं?"

सगळे हसले. तीही हसली. तिला वाटलं, शाबासकीच आहे.

मुलगा तरातरा आला. "आई, तुला कुणी सांगितलं होतं शहाणपण? पाहुण्यांची गाडी गेटवर आलीय."

"अरे, तुम्हाला सोपं जावं म्हणून—"

त्याने पिशवी उचलली आणि उतारावर उपडी केली. मग दुसरी. मग इतरांनीही हात लावला. पोरांना तर मजाच वाटली.

"ढीग नको," फोटोवाला ओरडला. "जरा पायाने विस्कटा. खरा वाटला पाहिजे."

ती बघत उभी राहिली. पाहुणे आले. प्रत्येक कुटुंबाने हसतमुखाने एकेक बाटली उचलली. टाळ्या झाल्या, पाहुणे गेले. मंडळी शेवटच्या फोटोसाठी रांगेत उभी राहायला लागली.

तिने झाडाखालची रिकामी पिशवी उचलली. "अहो, धरा."

मी धरली. तिने दोन-तीन बाटल्या टाकल्या आणि खालीच बसली.

"मागचे काका-काकू, बाजूला व्हा!" फोटोवाला म्हणाला.

"ही उठत नाहीये," मी म्हणालो.

"बसू द्या मग. नंतर कापून टाकू."

मुलगा पहिल्या रांगेत होता. त्याने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा तोंड कॅमेऱ्याकडे केलं. फोटो निघाल्यावरच तो धावत आला.

आता तो भेटायला येणाऱ्यांना सांगतो, "डॉक्टर म्हणाले, घरी बसली असती तरी हे व्हायचंच होतं." डॉक्टर तसं म्हणाले, हे खरं आहे. सोसायटीने आमच्या घराला 'आदर्श कुटुंब' म्हणून ढाल दिली. ती हॉलमध्ये हिच्या फोटोशेजारी ठेवली आहे. भेटायला आलेले आधी ढाल वाचतात.

हिची बातमी आली तशी मंडळी पांगली होती. उतारावरचं उचलायचं राहूनच गेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसतं. सून ती खिडकी आता लावूनच घेते.

मी मुलाला म्हणालो, "ते उचल."

"बाबा, सोसायटीचा माणूस नेईल की."

"त्याने नाही ओतलं."

त्याने खिडकीची कडी तपासली. मग म्हणाला, "रविवारी बघू."

सोसायटीचा माणूस आला होता. मीच त्याला परत पाठवलं. मला वाकता येतं, कंबर अजून धड आहे. पण हे मी उचलणार नाही. मी पिशवीचं तोंड धरीन.

हिच्या पिशव्या धुऊन, घडी घालून दाराशी ठेवल्या आहेत. रविवारी मुलगा त्या ओलांडून बाहेर जातो.

कचरा अजून उचललेला नाही.